गाठी जातात, सदरे येतात: शिक्षण, उत्पादकता आणि आपला रोजगार

(आर्वी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापला गेलाय. ‘शिक्षण, उत्पादकता आणि निर्यात’. त्याचा साधा अर्थ असा की आपल्या पोरापोरींना शिकवलं तर त्यांना कारखान्यात काम मिळेल का, आणि मिळालंच तर त्या कामाची कमाई कुणाच्या पदरात पडेल? एवढाच विषय आहे.

आज दुपारी मी इथे एका घरी जेवलो. दोन मुलं आहेत त्यांना. थोरल्याच्या इंजिनिअरिंगसाठी दोन एकर वावर विकलं. तो पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटावर आहे, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. धाकटा आयटीआय झालेला फिटर, वर्षभर घरीच आहे. जेवता जेवता वडील म्हणाले, “सर, पोराईले शिकवलं हे चुकलं का जी आमचं?” मला तिथे उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न समजा.

आपल्याकडे एक समजूत सगळ्या पक्षांना, सगळ्या मंत्र्यांना आणि बऱ्याच अर्थतज्ज्ञांना मान्य आहे. ती अशी: शिक्षण वाढवा, म्हणजे उत्पादकता वाढेल. उत्पादकता वाढली की माल परदेशी जाईल. माल गेला की रोजगार येईल. एकामागे एक जोडलेले डबे. इंजिन शिक्षणाचं, शेवटचा डबा रोजगाराचा. ही समजूत साफ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात डबे दाखवतात आणि त्यांच्यामधल्या कड्या दाखवत नाहीत. आज मला त्या कड्यांबद्दल बोलायचंय.

निर्यात होती, कारखाना नव्हता

सुरुवात गाडीपासूनच करू. पुलगाव-आर्वी नॅरो गेज तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. पस्तीस किलोमीटरची लाइन, १९१७ साली सुरू झाली. किलिक निक्सन ही मुंबईची इंग्रज कंपनी तिच्यामागे होती. ही लाइन माणसांसाठी टाकली असा कुणाचा गैरसमज असेल तर तो काढून टाका. माणसं बसली ती नंतर. लाइन टाकली ती कापसासाठी.

म्हणजे बघा, आर्वी निर्यात करणारं गाव आहे, आणि आजचं नाही. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि त्या साहेबांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. रिव्हेट-कारनॅक नावाचा अधिकारी खास कापसासाठी नेमला होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात घेतलं जात होतं. इथला शेतकरी त्या काळात लिव्हरपूलच्या भावावर जगत होता आणि मरत होता.

तेव्हा ‘निर्यात वाढली की रोजगार येतो’ ही कडी आपल्या गावातच तुटलेली दिसते. निर्यात भरपूर होती. पण जिनात रुई निघाली, प्रेसमध्ये गाठ बांधली, की आपलं काम संपलं. पुढचं सगळं काम, कातणं, विणणं, रंगवणं, शिवणं, दुसऱ्याच्या गावात. गाठी गेल्या आणि सदरे आले. म्हणून माल परदेशी जातो एवढं ऐकून हुरळून जायचं नाही. त्या मालावर आपल्या हाताचं काम किती झालं, हे विचारायचं.

कामगार कमी पडतो, असं कोण म्हणतं?

नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव इथेही गिरण्या आल्या. आता कारखाना आला, यंत्रं आली. मग आपण जगात पुढे का गेलो नाही?

या प्रश्नावर ग्रेगरी क्लार्क या अर्थ-इतिहासकाराचा १९८७ चा एक गाजलेला लेख आहे. त्याने १९१० च्या आसपासच्या जगभरच्या कापडगिरण्या तपासल्या. निष्कर्ष धक्कादायक. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम उरकत होता, तेवढ्यासाठी भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये किंवा ग्रीसमध्ये जवळजवळ सहा माणसं लागत होती. यंत्रं तीच. लँकेशायरमधून आलेली, बसवणारे इंग्रज फोरमनही तेच. मग क्लार्क म्हणतो, फरक यंत्राचा नाही, भांडवलाचा नाही, व्यवस्थापनाचाही नाही. फरक कामगाराच्या कामाच्या वेगाचा आहे, आणि तो स्थानिक समाजातून येतो.

लेख अभ्यासू आहे, आकडे मेहनतीने गोळा केलेत. पण माझी तक्रार निष्कर्षाबद्दल आहे, आणि ती दोन कारणांसाठी.

पहिलं कारण जपान. १९१० ला जपानी कामगार आणि आपला कामगार त्याच्या यादीत एकाच रांगेत बसतात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जपानी गिरण्यांची दरमाणशी उत्पादकता झपाट्याने वाढली आणि मुंबईची बरीचशी होती तिथेच राहिली. आता माणसांचा समाज काही वीस वर्षांत बदलत नाही. मग बदललं काय? जपानने कातण्यासाठी रिंग स्पिंडल सरसकट घेतले. कापसाच्या जाती मिसळून यंत्राला साजेसा कापूस करायला ते शिकले, आणि त्यात आपलाच कापूस होता. १८९३ मध्ये टाटा आणि एका जपानी कंपनीने मिळून मुंबई-कोबे जहाजं सुरू केली ती याच धंद्यासाठी. १९२४ मध्ये टोयोडाचा स्वयंचलित माग आला. आणि हो, प्राथमिक शाळा जवळजवळ प्रत्येक मुलीपर्यंत पोचली होती. शिक्षण त्यात होतं, पण एकटं नव्हतं. शिकलेली मुलगी, तिला साजेसं यंत्र आणि काम आखणारा माणूस, हे तिन्ही एकदम आले.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही सांगतो. त्या जपानी मुली गिरणीच्या वसतिगृहात कोंडल्यासारख्या राहायच्या, रात्रपाळ्या करायच्या, क्षयाने खंगून गावी परतायच्या. रात्रपाळी बंद व्हायला १९२९ साल उजाडलं. उत्पादकतेचा आलेख वर चढताना तो कुणाच्या छातीवरून चढतोय, हे आलेखात दिसत नाही.

दुसरं कारण मुंबई. क्लार्क म्हणतो, आपला कामगार जास्त यंत्रं सांभाळत नव्हता. बरोबर आहे. पण का? १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. मुद्दा काय होता? मालक म्हणत होते, दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा. त्याला ‘रॅशनलायझेशन’ म्हणायचे. कामगाराने साधा हिशेब केला: मी तीन माग घेतले तर तिसऱ्या मागावरचा माझा गाववाला घरी जाणार. आणि घरी जाऊन करणार काय? दुसरा कारखाना आहे कुठे? त्या माणसाला आळशी म्हणायचं की शहाणा म्हणायचं? मी शहाणा म्हणेन. ज्या गावात दुसरं काम नाही तिथे उत्पादकता वाढवणं म्हणजे आपल्याच भावाच्या पोटावर पाय देणं, असं कामगाराला वाटतं. तसं वाटणं चूक ठरवायचं असेल तर बाजार वाढवून दाखवावा लागतो.

साधं गणित

फळ्यावर एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा एका कारखान्यात १०० जणी रोज १००० सदरे शिवतात. एकीचे दहा. प्रशिक्षण दिलं, मांडणी सुधारली, आता एकीचे साडेबारा होतात. उत्पादकता २५ टक्के वाढली. टाळ्या! पण गिऱ्हाईक तेवढंच असेल, हजार सदऱ्यांचं, तर ८० जणी पुरतात. वीस जणी घरी. गिऱ्हाईक १२५० चं झालं तर शंभराच्या शंभर टिकतात. १५०० चं झालं तर एकशेवीस लागतात.

म्हणजे उत्पादकता वाढल्याने रोजगार वाढतो की घटतो, हे उत्पादकतेवर ठरतच नाही. बाजार किती वाढला त्यावर ठरतं. म्हणून निर्यात महत्त्वाची. आर्वीच्या बाजारात किती सदरे खपणार याला मर्यादा आहे, जगाच्या बाजारात आपल्यासारख्याला जवळजवळ नाही.

पण तिथेही एक दार आहे. मार्क मेलिट्झ या अर्थशास्त्रज्ञाने २००३ मध्ये एक सिद्धांत मांडला, तो आता सगळीकडे शिकवतात. मतितार्थ असा: परदेशी माल पाठवायला आधी खर्च लागतो. गिऱ्हाईक शोधणं, नमुने, तपासण्या, वेळेवर पोचवणं. तो खर्च आधीपासून सक्षम असलेलाच कारखाना सोसू शकतो. बाजार खुला झाला की सक्षम वाढतो आणि लहान, कमी उत्पादक कारखाना मागे पडतो किंवा बंद पडतो. देशाची सरासरी सुधारते. पण सरासरीत कोण राहतं बघा. ज्या जिल्ह्यात सक्षम कारखाना मुळातच नाही, त्याच्या वाट्याला या सिद्धांतातला फक्त ‘बंद पडतो’ हा भाग येतो. विदर्भाच्या गिरण्यांचं असंच झालं असं सरळ म्हणणार नाही, कारणं अनेक होती. पण एम्प्रेस मिल १९८६ ला राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ ला कायमची बंद झाली, त्या जागेवर आज मॉल आहे. तिथे दुकानात लागलेले सदरे बघा एकदा, आत शिवलेलं लेबल वाचा.

तारापूरचा प्रयोग

आता एक अलीकडचा पुरावा, आपल्या महाराष्ट्रातला. २००८ च्या सुमाराला निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. सरासरी २७० च्या आसपास माणसं असलेले कारखाने, म्हणजे टपऱ्या नव्हेत. काही कारखान्यांना महिनोन्महिने व्यवस्थापनाचा सल्ला मोफत दिला, काहींना नुसतं निदान करून सोडून दिलं, आणि तुलना केली.

आधी काय सापडलं ते ऐका. सुताचा साठा नोंदीविना पडलेला. यंत्र बिघडलं की मग दुरुस्ती. कापडातले दोष कुठे, का होतात, याची वही नाही. आणि जवळपास पाचवा भाग मनुष्यबळ नुसते दोष दुरुस्त करत बसलेलं! सल्ला काय दिला? काही फार मोठं नाही. रोज दोष लिहा. सकाळी त्यावर बसा. यंत्राला वेळेवर तेलपाणी करा. साठा मोजा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला. आणि पुढच्या तीन वर्षांत सल्ला मिळालेल्या मालकांनी इतरांपेक्षा अधिक कारखाने उघडले. म्हणजे रोजगाराचा डबाही हलला.

इथे कामगार तेच होते. त्यांची एकही इयत्ता वाढली नव्हती. वाढली ती मालकाची समज. आपण मात्र पन्नास वर्षं एकच घोकतोय: कामगार अकुशल आहे, कामगाराला शिकवा. अरे, मालकाला कोण शिकवणार? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. कारखाना किती वाढणार हे मालकाला किती मुलगे-भाऊ आहेत यावर बरंचसं अवलंबून होतं, कारण परक्या माणसावर विश्वास टाकून कारभार सोपवायची तयारी नाही. आपल्या भागातले जिनिंग-प्रेसिंगवाले, तेलमिलवाले, डाळमिलवाले समोर बसले असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं, रागावू नये. (हशा)

या प्रयोगाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. सुमारे नऊ वर्षांनी ते लोक पुन्हा तिथे गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. तरी ते कारखाने इतरांच्या पुढेच होते. निम्म्या का सुटल्या? एक कारण असं की शिकलेला मॅनेजर सोडून गेला. चांगली पद्धत माणसासोबत येते आणि माणसासोबतच जाते. शिक्षण इथे परत येतं बघा, पण वेगळ्या दाराने. जिल्ह्यात अशी माणसं पाच असतील तर एक गेल्याने कारखाना बसतो. पाचशे असतील तर बसत नाही.

तीन तास वीस मिनिटं

आता वर्धा जिल्ह्यात उभं राहून शिक्षण आणि कामाबद्दल बोलायचं आणि नई तालीमचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली, डिसेंबरात तिचा अहवाल आला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा, आणि त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ हस्तोद्योगाला. हाताला काम, आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, समाजशास्त्र.

या योजनेवर टीका खूप झाली. मुलाच्या सुतातून मास्तरांचा पगार निघावा ही कल्पना तेव्हाही अनेकांना पटली नव्हती, मलाही पटत नाही. शाळेचं कारखान्यात रूपांतर व्हायचा धोका होता. आणि टकळीवर थांबणं म्हणजे जगाच्या बाजाराकडे पाठ फिरवणं होतं. पण तिच्यातला एक प्रश्न खरा होता, आणि आपण तोच सोडून दिला: हात आणि डोकं वेगळं का करता?

आजची कौशल्य योजना बघा. नई तालीमने यंत्र नाकारलं आणि डोकं ठेवलं. आपण यंत्र ठेवलं आणि डोकं काढून टाकलं. तीन महिन्यांचा शिवणयंत्राचा कोर्स, एक प्रमाणपत्र, एक फोटो. त्या मुलीला दोष का होतो हे कोण शिकवतं? कापडाचा खर्च कसा काढायचा, एका सदऱ्याला किती मिनिटं लागतात, मालकाला त्याचे किती मिळतात? दुसऱ्या टोकाला पदवी आहे, तिथे हातच नाही. सरकारच्याच श्रमबल पाहणीत २०२२-२३ ला एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधली १३ टक्क्यांच्या वर. म्हणजे जितकं शिकाल तितकं बसाल, असं आकडा म्हणतो. अर्थात त्याचा एक अर्थ असाही आहे की गरिबाला बेकार बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते करतो. तरीही आकडा बोचतोच.

महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि तो भरणारा शेतकरी कोरडा राहतो. आपण तो प्रश्न नुसता पुढे ढकलत आणला. १९८४ च्या दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष मोजला, त्यात तंत्रशिक्षणही धरलं. चांगलं केलं. पण अनुशेष मोजायची रीत म्हणजे राज्याच्या सरासरीशी तुलना: सोयी किती कमी आहेत. आपण सोयी मागितल्या, जागा मागितल्या, काही मिळाल्याही. त्या जागांवर शिकून बाहेर पडलेला फिटर कुठे जातो, हे अनुशेषाच्या तक्त्यात येत नाही. तो चाकणला जातो. आपण शिकवतो, उत्पादकता दुसऱ्या जिल्ह्याची वाढते.

एकशेतीस माणसं

निराश करून घरी पाठवायला मी आलो नाही. एक उदाहरण देतो. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. १९७९ मध्ये तिथल्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने १३० माणसं कोरियाला देवू कंपनीच्या कारखान्यात पाठवली. काही महिने ती तिथे शिवण, कटिंग, गुणवत्ता, बाजार, सगळं शिकली. परत आली. पुढच्या काही वर्षांत त्यातली ११५ माणसं देश गारमेंट्स सोडून गेली. मालकाच्या दृष्टीने नुकसान! पण ती दुसऱ्या कारखान्यांत गेली, कुणी स्वतःचे काढले. आज तयार कपड्यांची बांगलादेशाची निर्यात आपल्या दुपटीहून जास्त आहे. त्यांनी सदरे आणले आणि आपण अजून गाठीच मोजतोय.

त्या १३० जणांचं शिक्षण कसलं होतं? निव्वळ शाळेचं नाही, निव्वळ मशीनचं नाही. चालत्या, निर्यात करणाऱ्या कारखान्यात उभं राहून घेतलेलं. मी ज्या कडीची गोष्ट करतोय ती ही. अर्थात बांगलादेशाला तेव्हा कोट्याच्या व्यवस्थेचा फायदा झाला, आणि आपण कपडे शिवणं लघुउद्योगासाठी राखून ठेवलं होतं, २००० पर्यंत. आपला कारखाना मोठाच होऊ दिला नाही. आणि ढाक्याच्या त्या बायकांनी किती सोसलं हेही विसरायचं नाही. २०१३ ला राणा प्लाझा कोसळला, अकराशेच्या वर माणसं गेली. निर्यात हवी, पण तशी नको.

आपल्याकडेही उदाहरण नाही असं नाही. दुहेरी रोलरच्या जिनिंग यंत्रांचा धंदा नागपुरात वाढला. बजाज स्टील ही नागपूरची कंपनी आफ्रिकेतल्या देशांना जिनिंगची यंत्रं विकते. म्हणजे कापसाच्या गावाला कापसाचं ज्ञान असतं, ते ज्ञान लोखंडात उतरवलं आणि निर्यात झालं. कापूस विकण्यापेक्षा कापसाचं ज्ञान विकणं बरं.

नदीपलीकडचा पार्क

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं तर यासाठीच आलोय. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र टेक्सटाइल पार्कचं भूमिपूजन केलं. १००० एकर. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तुमच्या मुलामुलींना पुण्याला न जाता काम मिळायची कित्येक वर्षांतली ही मोठी संधी आहे. शेतापासून परदेशापर्यंत, अशी घोषणा आहे.

घोषणेवर टीका करून काय मिळणार? आपण काय मागायचं ते ठरवू. माझ्या मते चार गोष्टी.

एक. ‘किती गुंतवणूक’ हे विचारू नका, ‘किती शिवण’ हे विचारा. आधुनिक सूतगिरणीत आता माणूस शोधावा लागतो. माणसं लागतात ती कपडे शिवायला. पार्क नुसत्या कातण्या-विणण्याचा झाला तर निर्यात होईल, रोजगार तेवढा होणार नाही.

दोन. कायम किती आणि कंत्राटी किती. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत कंत्राटी कामगार आता ४० टक्क्यांच्या वर गेलेत, २००० च्या सुमाराला पाचवा भाग होते. जो माणूस अकरा महिन्यांनी जाणार आहे त्याला मालक शिकवणार नाही, आणि तोही मन लावून शिकणार नाही. कंत्राटी पद्धत कामगाराला तर मारतेच, पण उत्पादकतेलाही मारते. हे मालकाच्याही हिताचं सांगतोय.

तीन. वाढीचा वाटा. बंगळूर भागात तयार कपड्यांच्या कारखान्यांत बायकांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं असं प्रशिक्षण देऊन अभ्यास झाला. उत्पादकता चांगली वाढली. पगार? नगण्य वाढला. जवळजवळ सगळा फायदा कंपनीला. अभ्यासक म्हणतात, बघा, प्रशिक्षण कंपनीला किती परवडतं! मी म्हणतो, बघा, बाईला काय मिळालं? शिक्षणाने उत्पादकता वाढली म्हणून पगार आपोआप वाढतो, ही आणखी एक तुटलेली कडी. ती जोडायला संघटना लागते, करार लागतो.

चार. आयटीआयची दारं पार्कात उघडा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहेच. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ चालत्या कारखान्यात जाऊ द्या, आणि कारखान्याचा सुपरवायझर आठवड्यातून एक दिवस आयटीआयत शिकवायला येऊ द्या. हात आणि डोकं परत एकत्र आणा.

तर त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. दादा, तुमचं चुकलं नाही. पोरांना शिकवणं हे तुमचं काम होतं, ते तुम्ही वावर विकून केलं. पुढचं काम तुमचं नव्हतं. शिकलेल्या माणसाला जागा देणारा कारखाना उभा करणं आणि तो नीट चालवणं हे ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही, आणि वर तुमच्याच पोराला अकुशल ठरवलं. आता ती जागा नदीपलीकडे होऊ घातली आहे. तिच्याकडे नोकरी मागायला जाऊच, पण जाताना हे चार प्रश्न खिशात असू द्या.



प्रश्नोत्तरे

प्रश्न (एका विद्यार्थिनीचा): पार्कमध्ये आमच्यासारख्या मुलींना खरंच काम मिळेल का?

शिवणकामात जगभर बायकाच जास्त आहेत, त्यामुळे गरज तुमचीच पडणार. अडेल ते दुसरीकडे. सकाळच्या पाळीला पोचवणारी बस, रात्री सुरक्षित परत यायची सोय, जवळ राहायचं असेल तर वसतिगृह, लहान मूल असेल तर पाळणाघर. हे नसेल तर कोर्स करूनही तुम्ही घरीच. म्हणून मी म्हणेन, पहिली मागणी शिवणयंत्राची करू नका, बसची करा.

प्रश्न (एका निवृत्त शिक्षकांचा): नई तालीमवर आपण अन्याय केलात. ती कारखान्यासाठी नव्हतीच, माणूस घडवण्यासाठी होती.

गुरुजी, मान्य. ती गावासाठी होती, स्वावलंबनासाठी होती. पण गावातली मुलं गावात राहिली नाहीत, आणि शिक्षणाला त्यांच्या मागे जाणं भाग आहे. माणूस घडवणारं शिक्षण कारखान्यात नेता येत नाही असं मानलं, तर कारखान्यात फक्त हात जातील आणि माणूस बाहेर राहील. मला ते नको आहे. तुम्हालाही नकोच असणार.

प्रश्न (एका शेतकऱ्याचा): सर, सदऱ्याचं झालं. पन कापसाच्या भावाचं काय?

हा प्रश्न टाळता येणार नाही. १९३३ मध्ये जपानी कापडावर आपल्या सरकारने शुल्क चढवलं, तेव्हा जपानने आपला कापूस घेणं थांबवलं. मार इथल्या शेतकऱ्याला बसला. मग १९३४ मध्ये करार झाला: तुम्ही आमच्या दहा लाख गाठी घ्या, आम्ही तुमचं साडेबत्तीस कोटी वार कापड येऊ देतो. आता २०२५ चा ऑगस्ट आठवा. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापडवाल्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे ऐन हंगामात. गिरणीला कच्चा माल स्वस्त हवा हे मला समजतं, स्वस्त सुताशिवाय निर्यात होत नाही. पण कारखान्याची सगळी स्पर्धाशक्ती शेतकऱ्याच्या भावातून काढायची असेल तर ती उत्पादकता नव्हे, ती वसुली आहे. तारापूरला १७ टक्के वाढ वही ठेवून मिळाली, कुणाचा भाव न पाडता. आधी ती मिळवा, मग शेतकऱ्याकडे या, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे. आणि ते सांगायला पार्कच्या दारात तुम्ही आणि तुमची मुलगी एकत्र उभे राहिलात तर फार बरं. कापूसवाला वेगळा आणि कामगार वेगळा, असे दोन गट पडले की दोघांनाही वेगवेगळं गप्प करता येतं.